विद्यापीठांचा कारभार आणि अभ्यासनियोजन : महाराष्ट्राच्या अनुभवाची एक चिकित्सा

१

विद्यापीठाचा कायदा हा वाचण्याचा ग्रंथ नव्हे, अशी अध्यापकवर्गाची सर्वसाधारण समजूत असते. कलमे, पोटकलमे आणि परंतुके यांचे ते जंजाळ कुलसचिवांच्या कचेरीत शोभून दिसते. विद्येच्या व्यवहाराशी त्याचा संबंध दूरचा, असे मानून अभ्यासक त्याकडे पाठ फिरवितो. वस्तुत: कोणत्या विषयाचे अध्यासन निर्माण व्हावे, कोणता विषय वैकल्पिक म्हणून कोपऱ्यात पडावा, निवृत्त झालेल्या प्राध्यापकाची जागा भरावी की रिकामी ठेवावी, या प्रश्नांची उत्तरे पाठ्यक्रमाच्या पुस्तिकेत मिळत नाहीत. ती निर्णय घेणाऱ्या मंडळांच्या घटनेत दडलेली असतात. मंडळात कोण बसतो, तो कोणाच्या मताने किंवा मर्जीने बसतो, आणि त्याच्या ठरावावर अखेरची सही कोणाची, हे समजल्याखेरीज अभ्यासनियोजनाची कोणतीही चर्चा अपुरीच राहते.

या विषयावर प्रचलित असलेली मते दोन आहेत. सार्वजनिक विद्यापीठे मंदगती, बहुमुखी आणि राजकारणग्रस्त. खाजगी विद्यापीठे चपळ, एकसूत्री आणि काळाबरोबर चालणारी, हे पहिले मत. सार्वजनिक विद्यापीठ लोकहिताचे रक्षक आणि खाजगी विद्यापीठ हे केवळ दुकान, हे दुसरे. दोन्ही मते मालकीपाशी थांबतात. मालकी आणि कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियोजनाला आकार येतो तो मुख्यत्वे कारभाराच्या रचनेमुळे, हे महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या इतिहासावरून दाखविता येते.

२

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ च्या कायद्याने झाली. त्यासमोर आदर्श होता तो त्या काळच्या लंडन विद्यापीठाचा, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या आणि पदव्या देणाऱ्या संस्थेचा. अध्यापन महाविद्यालयांनी करावे आणि विद्यापीठाने त्यांचे माप घ्यावे, अशी ही विभागणी होती. अशा संस्थेला नियोजनाची गरज अगदी मर्यादित असते. परीक्षेचे विषय, नेमलेली पुस्तके आणि परीक्षकांची यादी एवढ्यात तिचे बहुतेक विद्याविषयक काम आटोपते. विद्यापीठ म्हणजे परीक्षामंडळ ही कल्पना आपल्याकडे रुजली ती या मूळ घटनेमुळे.

कर्झनच्या राजवटीतील १९०४ च्या कायद्याने या घटनेत दोन परस्परविरोधी फेरफार केले. विद्यापीठांनी स्वत: अध्यापन करावे, प्राध्यापक नेमावेत, अशी मुभा त्याने दिली, त्याच वेळी अधिसभेची सभासदसंख्या कमाल शंभरावर आणून त्यांतील बहुसंख्य जागा सरकारी नेमणुकीच्या ठेवल्या. कार्यक्षेत्र वाढविले आणि स्वातंत्र्य आखडले, असा हा प्रकार होता. मिळालेल्या मुभेचा उपयोग मुंबईत किती सावकाश झाला याची साक्ष समाजशास्त्र विभाग देतो. पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली हा विभाग सुरू झाला तो १९१९ साली, म्हणजे कायद्यानंतर पंधरा वर्षांनी. अधिकार कागदावर असणे आणि तो वापरण्याचे साधन हाती असणे यांतील अंतर येथे प्रथम स्पष्ट दिसते.

१९२८ च्या कायद्याने मुंबई विद्यापीठात विद्या परिषद आली. अध्यापकांनी विद्याविषयक प्रश्नांचा विचार करण्यासाठी स्वतंत्र सभागृह असावे, हे तत्त्व मान्य झाल्याची ती खूण होती. परंतु खर्चाची किल्ली दुसऱ्या मंडळाच्या हाती राहिली. १९३३ साली स्थापन झालेला रसायन तंत्रशास्त्राचा विभाग याच विद्यापीठाचा. पुढे पाऊण शतकाने, २००८ साली, तो अभिमत विद्यापीठाचा दर्जा घेऊन मातृसंस्थेपासून पूर्णपणे वेगळा झाला. यशस्वी विभागाला आपल्या वाढीसाठी विद्यापीठाच्या बाहेर पडावेसे वाटावे, ही घटना त्या विभागाच्या कर्तृत्वाइतकीच मूळ कारभाररचनेवरही बोलकी टीका आहे.

३

सार्वजनिक आणि खाजगी ही तुलना आजची नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेले महिला विद्यापीठ हे शुद्ध अर्थाने खाजगी विद्यापीठ होते. त्याला सरकारी सनद नव्हती, अनुदान नव्हते, आणि पदवीला राजमान्यताही नव्हती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे पहिले कुलपती आणि र. पु. परांजपे पहिले कुलगुरू. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी दिलेल्या पंधरा लक्ष रुपयांच्या देणगीने या संस्थेचे पाय स्थिर झाले आणि तिला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव मिळाले.

या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाकडे पाहिले की कारभार आणि नियोजन यांचा संबंध उघड होतो. मातृभाषेतून उच्च शिक्षण, इंग्रजी हा विषय म्हणून आवश्यक, आणि गृहजीवनशास्त्र व आरोग्य यांना पदवीच्या अभ्यासात स्थान, ही योजना त्या काळी मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेत संमत होणे दुर्घट होते. कर्वे यांना ती एका पिढीच्या आत अमलात आणता आली, कारण संमती मागण्यासाठी त्यांना सरकारी सभासदांच्या बहुमताकडे जावयाचे नव्हते. त्यासाठी त्यांना पटवून द्यावे लागले ते वर्गणीदारांना आणि पालकांना.

परंतु या स्वातंत्र्याची किंमतही ध्यानात घेतली पाहिजे. विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली ती १९४९ च्या अधिनियमानंतर, १९५१ साली. मधल्या पस्तीस वर्षांत येथील पदवीधर स्त्रीला सरकारी नोकरीच्या दारात आपल्या पदवीचा उपयोग नव्हता. शिवाय, स्त्रीच्या शिक्षणाचा विषय घराच्या उंबरठ्याशी जोडावा, ही दृष्टी संस्थापकाची होती. तिच्यावर आक्षेप घेणाऱ्यांसाठी संस्थेच्या आत बलवान व्यासपीठ नव्हते. तात्पर्य, खाजगी कारभाराने नवा अभ्यासक्रम शक्य केला आणि त्याच कारभाराने त्यावर संस्थापकाच्या दृष्टीची मर्यादाही घातली. ही दोन्ही लक्षणे एकाच रचनेची आहेत. आजच्या खाजगी विद्यापीठांचा विचार करताना पहिले लक्षण गौरविले जाते आणि दुसरे विसरले जाते.

४

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाचा सर्वांत मूलगामी विचार १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने केला. विद्यापीठाच्या स्वायत्ततेच्या तीन पातळ्या त्याने सांगितल्या: विद्यापीठाच्या आतील विभाग, महाविद्यालये व अध्यापक यांची स्वायत्तता, विद्यापीठव्यवस्थेच्या अंतर्गत विद्यापीठाची स्वायत्तता, आणि बाह्य सत्तांच्या संदर्भात या संपूर्ण व्यवस्थेची स्वायत्तता. शासनाविरुद्ध स्वायत्ततेचा घोष करणारे विद्यापीठ स्वत:च्या विभागाला ती नाकारते, हा नित्याचा अनुभव या विभागणीमुळे नेमक्या शब्दांत मांडता येतो. याच आयोगाने प्रत्येक विद्यापीठात एक विद्याविषयक नियोजन मंडळ असावे असे सुचविले. दैनंदिन प्रशासनापासून हे मंडळ अलग असावे, विद्यापीठाच्या प्रतिनिधींबरोबर इतर विद्यापीठांतील काही व्यक्ती आणि सार्वजनिक जीवनातील अनुभवी माणसे त्यात असावीत, आणि त्याने दीर्घकालीन योजना व मूल्यमापन यांवर लक्ष केंद्रित करावे, अशी ही कल्पना होती.

महाराष्ट्रात ही कल्पना कोणत्या रूपाने उतरली, हे पाहणे उद्बोधक आहे. १९७४ साली विद्यापीठांसाठी नवे कायदे झाले. १९९४ साली राज्यातील अकृषी विद्यापीठांसाठी एकच समान कायदा आला. आणि त्याची जागा २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने घेतली, जो १ मार्च २०१७ पासून अमलात आला. १९९४ च्या कायद्यात नियोजनाचे काम महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाकडे होते. २०१६ च्या कायद्यात ते अधिष्ठाता मंडळाकडे आले. पाच वर्षांचा बृहत् आराखडा तयार करावयाचा, तो विद्यापीठाच्या प्राधिकरणांकडून संमत करून घ्यावयाचा, आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य उच्च शिक्षण व विकास आयोगापुढे ठेवावयाचा, असा हा क्रम आहे.

या बृहत् आराखड्याचे स्वरूप कोणते? व्यवहारात तो प्रामुख्याने स्थलबिंदूंचा आराखडा असतो. कोणत्या तालुक्यात कोणत्या शाखेचे महाविद्यालय हवे, याची ती यादी. प्रादेशिक समतोलाच्या दृष्टीने या यादीला मोल आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. दुर्गम तालुक्यातील विद्यार्थिनीला महाविद्यालय जवळ मिळणे हा तिच्या शिक्षणाचा पहिला हक्क होय. तथापि ज्ञानशाखांचा आराखडा आणि जागांचा आराखडा या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाषाविज्ञानाच्या अध्यापनाची पुढील दहा वर्षांतील दिशा कोणती, मोडी वाचणारे इतिहाससंशोधक कसे तयार व्हावेत, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र यांना एका वर्गात कसे आणावे, हे प्रश्न स्थलबिंदूंच्या तक्त्यात बसत नाहीत. जे तक्त्यात बसत नाही ते सभेच्या विषयपत्रिकेवरही येत नाही.

त्यातही अखेरचा शब्द विद्यापीठाचा नसतो. विद्यापीठाने शिफारस करावी, शासनाने इरादापत्र द्यावे आणि मग अंतिम परवानगी, अशी पायरी आहे. विद्यापीठाने न शिफारसलेल्या अर्जालाही अपवादात्मक प्रसंगी, कारणे लेखी नमूद करून, शासन मान्यता देऊ शकेल, असे परंतुक १९९४ च्या कायद्यात होते. नव्या कायद्यातही तो मार्ग खुला आहे. एका परंतुकाने पाच वर्षांच्या परिश्रमाचे मोल किती कमी होऊ शकते, हे सांगण्यासाठी भाष्याची गरज नाही. ज्याचा नकार बंधनकारक नाही त्याची योजना ही सूचनाच राहते.

विद्या परिषदेची स्थितीही अशीच आहे. कायद्याने ती विद्यापीठाचे प्रमुख शैक्षणिक प्राधिकरण आहे. परंतु राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या अंमलबजावणीसाठी २०२३ साली श्रेयांकांची चौकट राज्यभर लागू झाली ती शासननिर्णयाद्वारे. मुख्य विषयाला किती श्रेयांक, कौशल्याच्या अभ्यासाला किती, हे ठरून आल्यावर चौकटीत मजकूर भरणे एवढेच अभ्यास मंडळांच्या वाट्याला आले. राज्यभर समानता असावी, विद्यार्थ्याला एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे सुलभ व्हावे, हा हेतू रास्तच होता. आक्षेप आहे तो क्रमावर. ज्या सभागृहाने आधी विचार करावयाचा, त्याच्याकडे विषय अखेरीस आला.

याहूनही मोठे बंधन जागांचे. अध्यापकाचे पद मंजूर करणे, भरतीला परवानगी देणे आणि वेतनाची तरतूद करणे ही कामे शासनाची आहेत. विभागाने अभ्यासक्रम कितीही विचारपूर्वक आखला, तरी निवृत्तीनंतर रिकामी झालेली जागा भरेल की नाही हे त्या विभागाला ठाऊक नसते. मग तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर वर्ग चालतात. ज्याची नेमणूक सत्रापुरती आहे त्याने पाच वर्षांच्या योजनेत मन घालावे, ही अपेक्षाच अन्यायाची होय. परीक्षांचा भार तर वेगळाच. २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आला. निकाल महिनोन् महिने रखडले आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. शेकडो संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षा वाहणाऱ्या विद्यापीठाची शक्ती कोठे खर्च होते, हे त्या प्रसंगाने साऱ्या राज्याला दिसले.

५

आता खाजगी विद्यापीठांकडे वळू. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले खाजगी विद्यापीठ एकात्म असते, त्याला महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००३ च्या विनियमांनी स्पष्ट केले आहे. स्थलबिंदूंच्या यादीतून आणि दूरदूरच्या परीक्षाकेंद्रांतून त्याची सुटका झालेली असते. शिकविणारा, अभ्यासक्रम आखणारा आणि परीक्षा घेणारा येथे एकच असतो. विद्याव्यवहाराच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे, आणि सार्वजनिक विद्यापीठाच्या अभिमान्यांनी तो मोकळेपणाने मान्य करावयास हवा.

परंतु सत्तेची रचना पाहिली म्हणजे चित्र पालटते. पुरस्कर्ती संस्था कुलपती किंवा अध्यक्ष ठरविते. सर्वोच्च अशा नियामक मंडळात तिने नामनिर्दिष्ट केलेल्यांचे वजन निर्णायक असते. व्यवस्थापन मंडळ त्याखाली आणि विद्या परिषद त्याच्याही खाली. निवडून आलेल्या अध्यापकांची, पदवीधरांची किंवा विद्यार्थ्यांची अधिसभा येथे नाही. विद्या परिषदेत अभ्यासक्रमाची चर्चा होते, पण विभाग उघडावा की मिटवावा हा निर्णय अंदाजपत्रकाच्या वाटेने होतो, आणि ती वाट नियामक मंडळातून जाते. उत्पन्नाचा मुख्य आधार शुल्क असल्यामुळे विद्यार्थिसंख्या हाच नियोजनाचा मानदंड ठरतो. सार्वजनिक विद्यापीठाचा विभाग शासनाच्या परवानगीसाठी थांबतो. खाजगी विद्यापीठाचा विभाग पुढील वर्षाच्या प्रवेशाच्या आकड्याची वाट पाहतो.

या रचनेतील दोन धोके न्यायालयात आणि सार्वजनिक चर्चेत नोंदले गेले आहेत. छत्तीसगडने २००२ साली केलेल्या कायद्यानुसार केवळ अधिसूचनेच्या बळावर खाजगी विद्यापीठे उभी राहू लागली आणि त्यांची संख्या शंभरावर गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्राध्यापक यशपाल यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याची संबंधित कलमे रद्द ठरविली. इमारत, ग्रंथालय आणि अध्यापक यांच्या आधी विद्यापीठ हे नाव मिळणे म्हणजे नियोजनाचा क्रमच उलटा करणे होय.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे, कारण तो चांगल्या संस्थेतही संभवतो. हरियाणातील अशोक विद्यापीठातून प्रतापभानु मेहता यांनी २०२१ च्या मार्चमध्ये प्राध्यापकपदाचा राजीनामा दिला. आपला संबंध हा संस्थेला राजकीय बोजा वाटतो, हे संस्थापकांशी झालेल्या भेटीनंतर स्पष्ट झाले, असे त्यांनी आपल्या पत्रात लिहिले. पुढे विद्यापीठाच्या व त्यांच्या संयुक्त निवेदनात संस्थेच्या कार्यपद्धतीत काही उणिवा राहिल्याची कबुली आली. येथे दोष केवळ व्यक्तींवर टाकून भागणार नाही. ज्या संस्थेत अध्यापकाची सुरक्षितता दात्यांच्या सदिच्छेवर उभी असते, तेथे दाते कितीही उदार असले तरी बाहेरून आलेला दाब पेलणारी भिंत नसते. सार्वजनिक विद्यापीठात दिरंगाई करणारी तीच बहुमुखी सभागृहे प्रसंगी ही भिंत ठरतात, याचे स्मरण ठेवले पाहिजे.

६

दोन्ही रचना समोरासमोर ठेवल्यावर असे आढळते की, त्यांचे दोष भिन्न असले तरी आघात एकाच ठिकाणी होतो. तो होतो अल्पसंख्य विद्यार्थ्यांच्या विषयांवर. पाली, अर्धमागधी, तत्त्वज्ञान, भाषाविज्ञान, शुद्ध गणित, प्राचीन भारतीय संस्कृती हे विषय सार्वजनिक विद्यापीठात मंजूर पदाअभावी क्षीण होतात. खाजगी विद्यापीठात ते शुल्काच्या हिशेबात मुळी उगवतच नाहीत. एकीकडे विभागाची पाटी राहते आणि माणसे जातात, तर दुसरीकडे पाटीच लागत नाही. विषय बंद करण्याचा ठराव कोठेही होत नाही. तो कोणीही न घेतलेला निर्णय म्हणून अमलात येतो. नियोजनाचा अभाव म्हणतात तो हाच. एखाद्या ज्ञानशाखेची गुरुपरंपरा एकदा खंडित झाली की पुढे पद मंजूर करूनही ती लवकर परत येत नाही, कारण त्या पदावर बसण्यास योग्य असा शिष्यच मधल्या काळात घडलेला नसतो.

सार्वजनिक आणि खाजगी यांतील सीमारेषा महाराष्ट्रात फार पूर्वीच पुसट झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. १९८३ पासून विनाअनुदान तत्त्वावर खाजगी व्यावसायिक महाविद्यालये निघाली, आणि ती सार्वजनिक विद्यापीठांनाच संलग्न झाली. त्यांच्या शुल्कावर चालणाऱ्या अभ्यासक्रमांचे हितसंबंध त्यामुळे सार्वजनिक विद्यापीठाच्या मंडळांतही पोचले. म्हणून शासन विरुद्ध बाजार, अशी सोपी मांडणी येथे लागू पडत नाही. एकाच सभागृहात दोन्ही बसलेले असतात.

७

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० या प्रश्नावर एक उत्तर सुचविते. संलग्नतेची पद्धती पंधरा वर्षांत क्रमाने संपवावी, प्रत्येक संस्थेचा कारभार स्वतंत्र नियामक मंडळाकडे द्यावा, आणि प्रत्येक संस्थेने आपली विकासयोजना स्वत: आखावी, असा त्याचा आशय आहे. संलग्नतेच्या ओझ्यातून मुक्तता ही राधाकृष्णन आयोगाच्या काळापासूनची मागणी आहे. तिचे स्वागतच करावयास हवे. परंतु नियामक मंडळाची कल्पना सार्वजनिक विद्यापीठाला खाजगी विद्यापीठाच्या रचनेजवळ नेते. अधिसभेचे गुण टाकून तिचे दोष तेवढे दुसऱ्या नावाने टिकतील काय, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्रातच डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने कुलगुरुनिवडीत शासनाचा वाटा वाढविणारी आणि उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपतिपद देणारी सुधारणा संमत केली. ती अमलात येण्यापूर्वीच २०२२ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने ती मागे घेण्याचे ठरविले. कुलगुरू कोणी निवडावा यावर एवढा झगडा होतो, पण विषयांचा दहा वर्षांचा आराखडा कोणी करावा यावर होत नाही, ही वस्तुस्थिती उभयपक्षी विद्याविषयक आस्थेचे माप सांगते.

या चिकित्सेतून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. कोणतीही एक रचना निर्दोष नाही. मात्र तीन कसोट्या दोन्ही प्रकारच्या विद्यापीठांना लावता येतील. पहिली, विद्या परिषदेने संमत केलेल्या योजनेला अंदाजपत्रकात बंधनकारक स्थान आहे काय? दुसरी, विद्यापीठाची शिफारस डावलली गेल्यास तिची कारणे अध्यापकांपुढे आणि जनतेपुढे येतात काय? तिसरी, अल्प विद्यार्थिसंख्येचा विषय मिटविण्यापूर्वी त्या विषयाच्या जाणकारांचे मत घेण्याची सक्ती आहे काय? कोठारी आयोगाने सुचविलेले नियोजन मंडळ प्रशासनापासून अलग हवे होते, ते याचसाठी. आजच्या अधिष्ठात्यांवर प्रशासनाचा भार आहे आणि खाजगी संस्थेतील नियोजकावर उत्पन्नाचा. दोघांनाही दहा वर्षांनंतरचा विद्यार्थी दिसणे कठीण आहे, कारण तो कोणत्याही मतदारयादीत नाही आणि त्याने अद्याप शुल्कही भरलेले नाही. त्याच्या वतीने बोलणारे सभागृह निर्माण करणे हेच विद्यापीठीय कारभारापुढील खरे काम होय. आणि विद्यापीठाचा कायदा वाचण्याचा कंटाळा करणारा अध्यापकवर्ग ते काम दुसऱ्यावर सोपवून मोकळा होऊ शकत नाही.